बाही नसलेल्या माणसाला पकडण्याची रीत

माणसाला ठार मारणे सोपे आहे. त्याला जिवंत ठेवून त्याची गैरसोय करायची तर राज्यकारभार लागतो.

ही गोष्ट आमच्या पूर्वजांना उशिरा कळली. ते तलवारीने तोडत, भाल्याने भोसकत, धनुष्याने लांबून मारत आणि घोड्यावरच्या माणसाला खाली ओढायला आकडीचा भाला लावत. या सगळ्या हत्यारांत एकच खोट होती. ती वापरल्यावर चौकशी करायला कोणी उरत नसे.

मग शांततेचा काळ आला. शोगुनसरकारच्या कृपेने (ही कृपा दोनशे वर्षे चालू आहे आणि थांबण्याचे चिन्ह नाही) तलवार ही झोपताना उशाशी आणि जेवताना मांडीला टोचणारी वस्तू झाली. भाला मिरवणुकीत गवसणीवरून ओळखतात. गवसणी अस्वलाच्या कातड्याची की पिसांची, यावर सरदाराची इभ्रत ठरते. आत पाते आहे का, हे विचारणे असभ्यपणाचे मानतात. धनुष्य जत्रेत राहिले. तिथे बाण उचलून देणारी बाई हसते, म्हणून गर्दी असते. नेम कोणी बघत नाही.

राहिलो आम्ही, गल्लीत राहणारी साधी माणसे. येदो शहरात गल्लीच्या तोंडाशी एक चौकी असते आणि चौकीच्या दाराशी लांब दांड्यांची तीन शस्त्रे उभी असतात. आमच्या कुरुमिचो गल्लीतही आहेत. मी त्या चौकीचा कारकून. पाळीवर नव्याने येणाऱ्यांना शस्त्रांची ओळख करून देण्याचे काम माझ्याकडे आहे, म्हणून हे लिहीत आहे.

तीन शस्त्रे, वापरण्याच्या उलट क्रमाने

बेळके. दांड्याच्या टोकाला लोखंडी चंद्रकोर. तिच्यात माणसाची मान बसवून त्याला भिंतीशी दाबून धरतात. मान बसवण्यापूर्वी मागे भिंत असल्याची खात्री करावी, नाहीतर नुसते फिरायला जाणे होते.

रेटा. टोकाला आडवी पट्टी, पट्टीला दात. याने रेटतात. (दाताळ्यासारखा दिसतो. शेतकऱ्यासमोर तसे म्हणू नये, तो उसना मागून नेतो.)

बाहीगुंता. तिघांतला बुद्धिमान. टोकाला माशाच्या गळासारखे आकडे, काही पुढे वळलेले, काही मागे. हे टोक आरोपीच्या रुंद बाहीत घालायचे आणि दांड्याला पीळ द्यायचा. कापड गुंडाळते, हात अडकतो, माणूस जागच्या जागी गिरकी घेतो आणि स्वतःच्याच कपड्यात कैद होतो. रक्ताचा थेंब नाही. कोणी कोणाला शिवलेसुद्धा नाही. ज्याने हे शस्त्र शोधले त्याला माणसाची खरी ओळख होती: माणूस जीव सोडून पळेल, चांगला कपडा सोडून पळणार नाही.

क्रम असा: आधी बाहीगुंता, मग रेटा, मग बेळके. हा क्रम मोडता येत नाही. बाही न गुंतवता रेटले तर ती धक्काबुक्की. न रेटता मान धरली तर जीवघेणा हल्ला. आणि नुसत्या हाताने धरले तर ती अटक नव्हेच, मारामारी. मारामारीत दोन्ही पक्ष दोषी, हे आमच्याकडे पोरासोरांनाही पाठ आहे.

शस्त्रे गंजू नयेत म्हणून ती हलती ठेवतो. बेळक्याने आकाशकंदील टांगतो, रेट्याने छपरावरचा बर्फ ओढतो. बाहीगुंत्याने आजवर पकडलेल्यांत एक पतंग, विहिरीत पडलेल्या बऱ्याच बादल्या आणि खुद्द जमादारांची एक बाही यांचा समावेश आहे. (दिलगिरी व्यक्त केली. बाही परत केली.)

चौकीत काय तयार होते

लोणचीवाल्याकडे लोणची तयार होतात. चौकीत "नाही जी" तयार होते.

रोज दुपारी जमादार होरिए फेरीवर येतात. ते थांबत नाहीत; त्यांच्या वाटेवर चौक्या फार आहेत. चालता चालताच हाक घालतात.

"चौकीऽऽ!"

"जी!" आम्ही आतून.

"कुरुमिचोत काही नाही ना?"

"नाही जी!"

तोवर ते पुढच्या चौकीपाशी पोहोचलेले असतात आणि तिथूनही तोच माल निघतो. माझ्या आजोबांनी हेच उत्तर दिले, वडिलांनी दिले. चौकीलगतच्या घरांतली तान्ही मुले आई म्हणायच्या आधी "जी" म्हणतात. आमच्या गल्लीत आजवर झालेल्या चोऱ्या: एकही नाही. आगी: एकही नाही (दोन मोठ्या आगींत चौकीच जळाली, त्या दिवशी उत्तर रस्त्यात उभे राहून दिले). अशी स्वच्छ गल्ली दुसरी सापडणार नाही. शेजारच्या गल्ल्या सोडल्यास.

व्यत्यय

(इथे बाहीगुंत्याला तेल कसे लावावे हे प्रकरण होते. ते काढून पुढील हकीकत घालत आहे. ही घडलेली नाही. तरी शस्त्रांचा पूर्ण वापर समजायला हिच्याइतके चांगले उदाहरण मिळणार नाही.)

इसोकिचि हा आमच्या गल्लीत लाकडी पिंपे बांधतो. तिशी उलटलेला, एकटा, हाताला दोरीचे घट्टे. पलीकडच्या गल्लीतला लोणचीवाला बुनगोरो त्याच्याकडूनच पिंपे घेई. बुनगोरोची मुलगी ओनुइ प्रत्येक पिंप बोटाच्या पेराने ठोकून बघायची आणि न गळणारे पिंप "हे गळतंय" म्हणून परत पाठवायची. इसोकिचि ते घरी नेऊन दोन दिवस नुसते ठेवायचा, मग परत नेऊन द्यायचा. असे बरेच दिवस चालले. शेवटी बुनगोरो वैतागला. पिंपे झिजत होती.

"हे बघ इसो," तो म्हणाला, "पोरगी मागायचीय ना? मग माणसासारखा ये. हाओरी घालून ये. हे दोरीचं भेंडोळं गळ्यात अडकवून नको. आणि उद्या देवळाची सांजघंटा व्हायच्या आत. परवा तेलवाल्यांची माणसं मागणी घेऊन यायचीयत. तू आला नाहीस तर त्यांना मी हो म्हणून टाकणार, सांगून ठेवतो."

हाओरी म्हणजे समारंभाला वरून घालायचा रेशमी अंगरखा. इसोकिचिकडे तो नव्हता. त्याच्या चाळीचे घरमालक सेइएमोन यांच्याकडे होता, पाठीवर वर्तुळातल्या बगळ्याचे घराणे-चिन्ह असलेला. इसोकिचिने त्यांचे न्हाणीचे पिंप फुकट बांधून दिले होते, त्यामुळे त्यांनी तो एका संध्याकाळपुरता दिला. आतला चांगला किमोनो मात्र इसोकिचिचा स्वतःचा. दोन्ही घालून तो ऐटीत न्हाणीघरात गेला, कारण मुलगी मागायला जाताना अंगाला लाकडाचा भुसा नसावा.

आमच्या न्हाणीघराची रीत सर्वांना ठाऊक आहे. कपडे टोपलीत ठेवायचे, वाकून आत शिरायचे आणि वाफेत कोणाला कोणी दिसत नाही अशा स्थितीत शेजाऱ्यांची निंदा करायची. दुसरीही एक रीत आहे, ती काहींनाच ठाऊक असते. चिंध्या घालून यायचे, थोडे शेकायचे आणि इतरांच्या आधी बाहेर पडून जो कपडा बरा दिसेल तो घालून जायचे. त्या दिवशी एका सद्गृहस्थांनी ही दुसरी रीत पाळली. ते बगळ्याची हाओरी घालून शांतपणे रस्त्यावर आले. चेहरा धुतलेला, चाल संथ. त्यांना पाहून दोघातिघांनी वाकून नमस्कारही केला.

त्यांच्या मागून इसोकिचि आला. त्याच्या अंगावर फक्त वाफ होती.

"चोर! चोर! धरा त्याला!"

चौकीत त्या वेळी आम्ही तिघे होतो. त्या महिन्याच्या पाळीवर घरमालक सेइएमोन, गल्लीच्या फाटकाचा रखवालदार कानरोकु, जो फाटकाशी भाजलेली रताळी विकतो, आणि मी. शस्त्रे तीन, माणसे तीन. हा योग माझ्या हयातीत पहिल्यांदाच आला होता. सेइएमोननी रेटा घेतला, कानरोकुने बेळके आणि मी बाहीगुंता. आम्ही बाहेर पडलो.

समोर दोन माणसे. एक रेशमात, चालणारा. एक उघडा, पळणारा. चोर कोण हे ठरवायला वेळ लागला नाही. ज्याच्याकडे काही नसते तो चोरी करतो, आणि इसोकिचिकडे त्या क्षणी काहीच नव्हते. इतका उघड पुरावा क्वचित मिळतो.

"मला काय अडवताय?" इसोकिचि ओरडला. "तो बघा, तो चाललाय!"

"तू कोण?" सेइएमोननी विचारले.

"मालक! मी इसो! तुमच्या चाळीतला, शेवटच्या खोलीतला!"

सेइएमोननी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिले. खरे सांगायचे तर आम्ही तिघेही इसोकिचिला लहानपणापासून ओळखत होतो, पण कपड्यांत. शिवाय कायदा असा आहे की भाडेकरू चोर निघाला तर घरमालकालाही दोष लागतो. त्यामुळे चोर समोर आला की तो आपला भाडेकरू नसणे हे घरमालकाचे पहिले कर्तव्य ठरते.

"असेल बाबा," सेइएमोन म्हणाले. "चेहरा कुठंतरी पाहिल्यासारखा वाटतो."

आता मी बाहीगुंता पुढे केला आणि थांबलो.

"काय झालं?" कानरोकु म्हणाला.

"बाही नाही."

"मग दुसरं काहीतरी गुंतवा की."

"काय गुंतवू?"

कानरोकुने पाहिले आणि विचार सोडून दिला. एव्हाना गर्दी जमली होती. आमच्या लोकांना शिस्तीची आवड आहे. कोणीही मधे पडले नाही. सूचना मात्र केल्या.

"कानरोकु, रताळ्याच्या भट्टीत घाल त्याला, शिजला की आपोआप बोलेल!"

"अहो कारकून, तुमचा तो गळ पाण्यात टाका, मासा तरी मिळेल!"

"इसो रे, लग्नाला असाच निघालास काय? सासरा खूश होईल!" (हा शेवटचा माणूस त्याला ओळखत होता. पण त्याला चौकीने विचारले नाही, म्हणून त्याने सांगितले नाही.)

इसोकिचिच्या हातात अंग घासायची कोंड्याची ओली पुरचुंडी होती. ती त्याने त्या सद्गृहस्थांच्या दिशेने भिरकावली. ती सेइएमोनच्या कानावर बसली. (फेकण्याचे शस्त्र, ओले. यादीत नाही.) आता अटक टाळणे शक्य नव्हते आणि करणेही शक्य नव्हते. राज्यकारभारात अशी वेळ येते, तेव्हा सभ्य नागरिक पुढे यावा लागतो.

तो आला. पुढचा रस्ता गर्दीने अडला होता, म्हणून ते सद्गृहस्थ मागे वळले आणि अदबीने म्हणाले, "काही अडचण आहे का?"

"बाही नाही," मी म्हणालो.

"अरेरे." त्यांनी अंगातली हाओरी उतरवली. "ही घाला बिचाऱ्याला. काम झालं की परत द्या. कायद्यासाठी एवढं तरी आपल्या हातून व्हावं."

गर्दीतून वाहवा उठली. हाओरी इसोकिचिपुढे धरताच त्याने ती हिसकावून घेतली.

"माझीच आहे ही! आण इकडे!" दोन्ही बाह्यांत त्याने आपण होऊन हात घातले; पुढची दोरीसुद्धा स्वतः बांधली. आरोपीकडून इतके सहकार्य मी पाहिलेले नाही. मग त्याने कापड चाचपले आणि म्हणाला, "म्हणजे माझी नाही. मालकांची आहे. पाठीवर बगळा बघा, मालक!"

एका दमात दोन मालक. मी बाहीगुंता घातला आणि पीळ दिला.

शस्त्राबद्दल जे जे ऐकले होते ते खरे निघाले. कापड गुंडाळले, टर्र असा आवाज झाला, इसोकिचिने जागच्या जागी एक गिरकी घेतली. सेइएमोननी रेटले. कानरोकुने तांदूळवाल्याच्या भिंतीशी मान बसवली (भिंतीची खात्री केली होती). सर्व क्रमाने. गर्दीने टाळ्या वाजवल्या. ज्यांनी आम्हाला वर्षानुवर्षे बादल्या काढायला बोलावले, त्यांनीच.

जबान्या

आरोपीला चौकीत आणून मागच्या भिंतीतल्या लोखंडी कडीला बांधले. हाओरी पुरावा म्हणून नव्हे, उसनी म्हणून काढून घेतली.

एवढ्यात न्हाणीघरात पैशांच्या गल्ल्यावर बसणाऱ्या ओताकिबाई हातात टोपली घेऊन आल्या. टोपलीत चिंध्या होत्या.

"अक्कल गहाण टाकलीत का तिघांनी? हा इसो रेशीम घालून आला माझ्यासमोर. आणि ह्या चिंध्या त्या बाप्याच्या आहेत, तो चहा पीत बसलाय ना तुमच्या गादीवर, त्याच्या!"

सद्गृहस्थ खरोखर चहा पीत होते. कानरोकुने त्यांना एक रताळेही दिले होते.

"बाई," मी म्हणालो, "या गृहस्थांच्या अंगावर उत्तम किमोनो आहे. त्यांच्या चिंध्या कशा असतील?"

"तो किमोनोही इसोचाच आहे!"

"तुम्ही दिवसभर उघडी माणसं बघता. कपड्यांच्या बाबतीत तुमची साक्ष कशी धरायची?"

"आणि तू दिवसभर काय बघतोस रे? कंदील?" त्या म्हणाल्या. हे जबानीत घेतले नाही.

आता सगळे सेइएमोनकडे पाहू लागले. इसोकिचिसुद्धा. त्याची नजर खिडकीतून उन्हाकडे जात होती आणि परत सेइएमोनवर येत होती.

"मालक, एक शब्द बोला. फक्त म्हणा, ही माझी हाओरी, मी इसोला दिली. सांजघंटेच्या आत पोचतो मी अजून. ओनुइ वाट बघत असेल."

सेइएमोन हे सचोटीचे गृहस्थ आहेत. त्यांना खोटे बोलता येत नाही. म्हणून ते काहीच बोलले नाहीत. हाओरी आपली म्हटली तर अटक चुकीची, अटक चुकीची तर तीन शस्त्रांचा पहिला पूर्ण वापर वाया, आणि टाळ्या परत कशा करायच्या? त्यांनी हाओरी उचलली, फाटलेली बाही पाहिली आणि म्हणाले, "बगळे पुष्कळ असतात."

उसनी वस्तू फाटकी परत करणे चौकीला शोभत नाही. म्हणून सेइएमोननी आपल्या पत्नीला बोलावून बाही शिवायला दिली. त्या दाराशी बसून शिवू लागल्या. थोड्या वेळाने त्यांनी बाही उलटी करून डोळ्यांजवळ नेली.

"अहो, ही जुनी शिवण माझ्यासारखीच आहे हो. इथं मी चुकले होते, तशीच चुकलीय."

"चांगली शिवण सगळीकडे सारखीच असते," सेइएमोन म्हणाले.

"चुकलेलीसुद्धा?"

"तू शीव."

सद्गृहस्थांनी शिवलेली बाही निरखली, टाके बारीक असल्याचे सांगितले, हाओरी चढवली, सर्वांना नमस्कार केला आणि गेले. जाताना इसोकिचिकडे पाहून म्हणाले, "सुधारेल. वय आहे अजून." त्यांच्या मनाचा मोठेपणा गल्लीत अजून सांगतात.

पहिली फेरी

त्यांची पाठ वळते तोच जमादारांची फेरी आली. आम्ही तयार होतो. मी वाक्यही बसवले होते: "होय जी, तीन शस्त्रांनी एक चोर जेरबंद!" कानरोकुने केस नीट केले.

"चौकीऽऽ!"

"जी!"

"कुरुमिचोत काही नाही ना?"

"नाही जी!"

पावले पुढे गेली. आम्ही एकमेकांकडे पाहिले.

मागे धावून सांगावे, असे कानरोकु म्हणाला. तो रताळ्यांचा माणूस, त्याला कायदा कळत नाही. धावत जाऊन "काहीतरी झालं आहे" म्हणणे म्हणजे आधी दिलेले उत्तर खोटे ठरवणे, आणि सरकारी अधिकाऱ्याला खोटे उत्तर देणे हा चोरीपेक्षा मोठा गुन्हा. तेव्हा काही झालेले नव्हते, हे ठरले.

काही झालेले नसल्यामुळे अटकही झालेली नव्हती. इथवर इसोकिचिही आमच्याशी सहमत होता.

"मग सोडा की मला!"

"कशातून?" मी विचारले.

अटक झाली असती तर सोडता आले असते. न झालेल्या अटकेतून माणसाला सोडायचे कसे, याला नियम नाही. तो कडीला बांधलेला होता, ही गोष्ट खरी; पण ती त्याची खासगी बाब होती. ओताकिबाई यावर जे बोलल्या ते स्त्रियांनी बोलण्यासारखे नव्हते आणि पुरुषांनी ऐकण्यासारखेही नव्हते. आम्ही ऐकले. चौकी सर्वांसाठी खुली आहे.

ऊन खिडकीतून भिंतीवर चढले. कडीपर्यंत आले, वर गेले. इसोकिचि उन्हाकडे पाहत होता. मग एकदम म्हणाला, "जमादार परत याच वाटेनं जातात ना?"

"जातात. घरी जाताना."

"तेव्हा विचारतात?"

"विचारतात. सवय आहे."

"मग तुम्ही कोणी बोलू नका. मी ओरडतो. मी सांगतो, झालंय. लई झालंय."

"ओरड रे," ओताकिबाई म्हणाल्या. "मीही ओरडते. बघू कोण गप्प करतं."

आमची हरकत नव्हती. कैदेत नसलेल्या माणसाला बोलायची मनाई कशी करणार?

दुसरी फेरी

देवळाची सांजघंटा अजून झाली नव्हती. इसोकिचि कडीला ताण देऊन दाराकडे वाकून उभा होता. ओताकिबाई उंबरठ्यावर, कमरेवर हात. सेइएमोन जमिनीकडे पाहत होते. सर्वांना पावले ऐकू आली.

"चौकीऽऽ!"

"जी!" हे सर्वांच्या तोंडून आले. त्याला काही इलाज नसतो.

"कुरुमिचोत काही नाही ना?"

इसोकिचिने छाती भरून श्वास घेतला. गल्लीत जन्मलेला, गल्लीत वाढलेला, लहानपणी याच उंबरठ्यावर खेळलेला माणूस. आणि आमच्या सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा मोठ्याने, स्वच्छ आवाजात ओरडला,

"नाही जी!"

ओताकिबाईंचेही ओठ हलले असे कानरोकु म्हणतो. त्या नाकारतात.

पावले पुढे गेली. इसोकिचि तोंड उघडे ठेवून दाराकडे पाहत राहिला. मग आपला हात तोंडाकडे नेऊ लागला, पण तो बांधलेला होता.

सेइएमोन उठले आणि त्यांनी स्वतः दोरी सोडली. आता अडचण नव्हती. काहीच झालेले नाही याची साक्ष खुद्द त्यानेच दिली होती. ओताकिबाईंनी टोपली पुढे केली. दुसरे काही नव्हते, म्हणून त्याने त्या चिंध्या घातल्या. त्या त्याला अगदी बरोबर बसल्या. (हा पुरावा उशिरा मिळाला.) शेवटचा बंद बांधत असताना घंटा वाजायला लागली, आणि तो पळाला.

पुढचे कानरोकुने पाहिले. रताळी द्यायच्या निमित्ताने तो त्याच्या मागोमाग पलीकडच्या गल्लीत धावला. घंटेचा शेवटचा टोला हवेत होता तेव्हा इसोकिचि लोणचीवाल्याच्या दारात पोचला. बुनगोरो उठून उभा राहिला.

"हे काय सोंग? हाओरी कुठंय? काय झालं?"

इसोकिचि दमला होता. झाले म्हणावे तर चौकीच्या कडीला बांधलेला माणूस. अशाला कोण मुलगी देतो? झाले नाही म्हणावे तर चिंध्या घालून सोयरीक करायला आलेला माणूस.

"काही नाही जी," तो म्हणाला.

"काही नाही? आणि असा आलास?"

ओनुइ पिंपांच्या रांगेआडून पुढे आली. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिले नाही, मनगटाकडे पाहिले. "हे काय झालं हाताला?"

"काही नाही."

ती पिंपांकडे वळली. मग हाताशी असलेल्या पिंपावर बोटाच्या पेराने ठोकले. पिंप नवे होते, त्यानेच बांधलेले. आवाज खणखणीत आला.

"हे गळतंय," ती म्हणाली.

कानरोकु सांगतो की दुकानात तेव्हा लोणच्यावर दाबायला ठेवलेला दगड खाली बसल्याचा आवाज आला. इसोकिचिने पिंपाकडे पाहिले. मग तिच्याकडे.

"नाही," तो म्हणाला. "त्याला काही नाही झालेलं."

तेलवाल्यांची माणसे ठरल्या दिवशी आली. पानगळीत ओनुइचे त्यांच्याकडे लग्न झाले. मांडवात पाहुण्यांमध्ये बगळ्याची हाओरी घातलेले एक सद्गृहस्थ होते. कोणाकडून आले होते ते विचारायचे राहिले. बाहीच्या टाक्यांची स्तुती झाली.

नव्या पाळीवाल्यांसाठी

शस्त्रांची ओळख इथे संपते. आता एकच गोष्ट राहिली. ती ज्याने इथवर वाचले त्याच्याविषयी आहे.

चोर कोण, हे आपल्याला केव्हा कळले? ते सद्गृहस्थ न्हाणीघरातून बाहेर पडले तेव्हाच कळले होते. त्यानंतर दिवस मावळेपर्यंत इसोकिचि कडीला होता. चौकीचे दार उघडे होते. जमादार दोनदा दारावरून गेले, आणि दोन्ही वेळा त्यांनी स्पष्ट शब्दांत विचारले. आपण एकदाही ओरडला नाहीत. आपण हसत होता, असे आजूबाजूच्यांनी सांगितले.

हा दोष दिलेला नाही. नव्या माणसात आम्ही नेमका हाच गुण शोधत असतो. आपली निवड झाली आहे. उद्यापासून बाहीगुंता आपल्या हाती. येताना बाही असलेले कपडे घालून यावे.

जमादारांची पावले ऐकू येत आहेत. प्रश्न आपल्याला ठाऊक आहे. उत्तर इथे लिहावे:

. . . . . . . . . .

(जागा दोनच शब्दांची ठेवली आहे. आजवर कोणाला कमी पडलेली नाही.)